चौदा शनिवारांचं शून्य

शाहीन हसली आणि मला तिचा दात दिसला.

वरचा, पुढचा, उजवीकडचा. अर्धा तिचा स्वतःचा, किंचित पिवळसर. खालचा अर्धा मात्र नव्या कपबशीसारखा पांढराफेक. आधीच्या शनिवारी तो तसा नव्हता हे मला पक्कं आठवत होतं, कारण आख्ख्या संघात सगळ्यात तोंडभर हसणारी मुलगी हीच होती.

“दाताला काय झालं ग?”

तिनं पटकन ओठ मिटले. “काय नाही मॅडम. जिन्यावरनं पडलो.” कोल्हापूरकडच्या मुली स्वतःबद्दल ‘पडलो’, ‘गेलो’ असंच बोलतात.

“कुठल्या जिन्यावरून?”

“घरातल्या.”

मी मान डोलावली आणि फॉर्मकडे वळले. गडहिंग्लजच्या त्या शाळेच्या मैदानावर मी दर शनिवारी जायची. तो चौदावा शनिवार होता.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मी तेव्हा कोल्हापूरला फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर वर्गात होते आणि प्रबंधासाठी आठ शाळांच्या मुलींचे फुटबॉल संघ घेतले होते. प्रश्न साधा होता. खेळण्याआधी वीस मिनिटं ठरावीक व्यायाम केले, म्हणजे उडी मारून उतरताना गुडघे आत वळू द्यायचे नाहीत, एका पायावर तोल सांभाळायचा, मांडीचे मागचे स्नायू घट्ट करायचे, तर दुखापती कमी होतात का? चार शाळांना आम्ही व्यायाम शिकवले, चार शाळा नेहमीसारख्या खेळत राहिल्या. आठवडाभर मी एसटीनं फिरून आठही शाळांच्या नोंदी गोळा करायची. गडहिंग्लजचा वार शनिवार.

ही शाळा व्यायाम करणाऱ्यांपैकी होती. तिथले खेळाचे शिक्षक रेडेकर सर फॉर्म भरून तयारच ठेवायचे. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी, बोलणं मोजकं. ‘या आठवड्यात जखमी झालेल्या खेळाडूंची संख्या’ या ओळीपुढे ते शून्य लिहायचे आणि खाली सही करायचे. चौदा आठवडे, चौदा शून्यं. व्यायाम न करणाऱ्या एका शाळेत तोवर अकरा मुली जखमी झाल्या होत्या.

माझे मार्गदर्शक डॉ. सरनोबत यांना ही शून्यं फार आवडायची. “अनुजा, शून्य म्हणजे काय कळतंय का तुला?” ते म्हणायचे. “दिल्लीच्या परिषदेत लोक उभे राहून ऐकतील.” मलाही ते खरं वाटायचं. चोवीस वर्षांची होते. आपण काहीतरी मोठं शोधलंय असं वाटायला त्या वयात फार काही लागत नाही.

त्या दिवशी सही झालेला फॉर्म पिशवीत घालून स्टँडकडे चालले होते, आणि अर्ध्या वाटेत थांबले. शाहीनच्या घरी मी जाऊन आले होते. अभ्यासात भाग घ्यायला पालकांची सही लागते, ती घ्यायला. तिचं, मकानदारांचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. जिना नव्हता. शाळाही सगळी बैठी.

स्टँडच्या अलीकडे डॉ. पट्टणशेट्टी, दंतवैद्य, अशी पाटी होती. मी आत गेले. साठीचे गृहस्थ पेपर वाचत बसले होते. मी कोण, कशासाठी येते ते सांगितलं आणि शाहीनचं नाव न घेता विचारलं, “शाळेच्या फुटबॉल संघातली एखादी मुलगी आली होती का तुमच्याकडे, पुढचा दात तुटलेली?”

त्यांनी पेपर खाली ठेवला. “एखादी?” ते म्हणाले. “नावं मी सांगणार नाही. आकडा सांगतो. तीन महिन्यांत पाच.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“पाचही त्याच संघातल्या?”

“त्याच. कोपर लागलं, डोकं लागलं, गोलच्या खांबावर आपटली. कार्डावर लिहिलंय सगळं.” मग त्यांनी चष्मा काढला. “शेवटच्या पोरीचा दात तुम्ही बघितला असणार. रंग जुळला नाही, मला मान्य आहे. माझ्याकडे तेव्हा दोनच छटा होत्या. पण दात जिवंत आहे तिचा. दुसरीकडे गेली असती तर मुळातली नस काढून वर टोपी बसवून दिली असती. चौदा वर्षांच्या पोरीला. अर्धे लोक तेवढंच करतात, कारण तेवढंच शिकलेत आणि पुढं वाचायचं सोडून दिलंय. खरं तर भरायचीही गरज नव्हती. तुटलेला तुकडा दुधात, नाहीतर साध्या पाण्यात घालून आणला असता तर तोच चिकटवून दिला असता. मी विचारलं, तुकडा कुठाय? तर म्हणते, मातीत पुरला.”

“पुरला? का?”

“कुणाला दिसू नये म्हणून.” त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “मला वाटलं तुम्हाला सगळं ठाऊक असेल. दुखापतींच्या नोंदी तुम्हीच ठेवता ना?”

कोल्हापूरपर्यंतच्या दोन तासांत माझा संताप वाढतच गेला, आणि तो सगळा रेडेकर सरांवर होता. या माणसानं चौदा वेळा माझ्या डोळ्यांत बघून खोटी सही केली होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पहिल्या गाडीनं मी परत गेले. गुरुवारी जिल्ह्याचा अंतिम सामना होता, म्हणून सुट्टीचा सराव चालू होता. सर मैदानावर चुन्यानं रेघ आखत होते. मी नमस्कारसुद्धा केला नाही.

“सर, तुमच्या पाच मुलींचे दात तुटलेत. माझ्या फॉर्मवर शून्य आहे.”

चुन्याचं डबडं त्यांनी खाली ठेवलं. “दात तेवढेच कळले का तुम्हाला?”

“म्हणजे आणखी आहे?”

त्यांनी हाताचा चुना झटकला.

मी खूप बोलले. मुलींच्या जिवाशी खेळता, तुम्हाला लाज कशी वाटत नाही, शिक्षक म्हणवता स्वतःला. मुली लांबून बघत होत्या. सर मान खाली घालून ऐकत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, “मीच लपवा म्हटलं पोरींना. नाही म्हणत नाही. पण का म्हटलं ते माझ्याकडनं ऐकू नका, तुम्हाला सबब वाटंल. शाहीनला विचारा.”

शाहीन मैदानाच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधत होती. मी शेजारी बसले.

“दात खेळताना तुटला ना?”

तिनं सरांकडे पाहिलं. सरांनी होकारार्थी मान हलवली.

“व्हय.”

“मग सांगितलं का नाहीस? मी दर आठवड्याला विचारत होते.”

“सांगितलं तर बूट न्याल.”

“कोण नेणार? कोण म्हणालं असं?”

“तुमचे मोठे सर.” ती अगदी सहज बोलत होती. “बूट दिले त्या दिवशी माईकवरनं म्हणाले की. ज्या शाळेत पोरींना लागत राहील तिथले बूट काढून दुसऱ्या शाळेला देणार, म्हणून नीट खेळा. तुम्ही शेजारीच होता. तुम्हीपण टाळ्या वाजवल्या.”

वाजवल्या होत्या. एका कंपनीनं व्यायामाच्या चार शाळांना बूट दिले होते, आणि ते वाटायला डॉ. सरनोबत स्वतः आले होते. हार, नारळ, मुख्याध्यापकांचं भाषण. मी खोकी घेऊन त्यांच्या शेजारी उभी होते. ते नेमकं काय म्हणाले ते माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं. सोळा मुलींच्या आणि त्यांच्या सरांच्या मात्र एकेक शब्द लक्षात राहिला होता. त्याआधी त्यातल्या नऊ जणी अनवाणी खेळायच्या.

“आणि मॅडम,” शाहीन म्हणाली, “तुम्ही विचारता कसं? ‘कुणाला काही झालं नाही ना?’ असं विचारता. मग आम्ही नाही म्हणतो.”

ती उठायला लागली आणि उठताना तिनं डावा पाय जरा जपून टाकला. ते मी पाहिलं.

“मोजा खाली कर.”

“कशाला मॅडम?”

“कर.”

मांडीपर्यंत ओढलेल्या मोज्याच्या आत, गुडघ्याभोवती, शाळेच्या गणवेशाची ओढणी घट्ट गुंडाळलेली होती. सोडली तर गुडघा सुजून गोल झालेला. मी तिला गवतावर झोपवलं, गुडघा थोडा वाकवून मांडी एका हातानं धरली आणि दुसऱ्या हातानं नडगी पुढे ओढली. चांगला गुडघा एका जागी येऊन थांबतो. हा थांबलाच नाही. आतला मुख्य बंध, लिगामेंट, तुटला होता.

“कधीपासून?”

“सहा आठवडे झाले असतील. वळताना सटकतो मधीच. बांधला की चालतंय.”

सहा आठवडे. त्यातल्या प्रत्येक शनिवारी मी तिच्यापासून दहा हातांवर उभी होते.

त्या दिवशी मी सोळाही मुलींना तपासलं. एकेकीला बाजूला घेऊन एवढंच विचारत होते, “कुठे कुठे लागलंय, दाखव.” फॉर्मवर तेवढ्या ओळी नव्हत्या, म्हणून वहीच्या मागच्या पानांवर लिहीत गेले. घोटे, गुडघे, बोटं, एकीचं मनगट तुटून वाकडंच जुळलेलं, पाच दात. एकंदर एकतीस दुखापती. दुपारचं ऊन डोक्यावर आलं तरी रेडेकर सर हललेही नाहीत. त्यांनाही त्यातल्या निम्म्या ठाऊक नव्हत्या. मुलींनी सरांपासूनही लपवल्या होत्या.

शेवटी मी म्हणाले, “शाहीन गुरुवारी खेळणार नाही.”

शाहीन रडायला लागली. “एवढा एक सामना मॅडम. मग काय पण करा.”

सरांनी खिशातून संघाची यादी काढली आणि तिच्या नावावर रेघ मारली. तिच्याकडे मात्र त्यांना बघवलं नाही.

सोमवारी सकाळी वही घेऊन मी डॉ. सरनोबतांच्या खोलीत गेले. त्यांनी पानं शांतपणे चाळली. आता ते हादरतील असं मला वाटत होतं.

“हे तू का केलंस?” त्यांनी विचारलं.

“सर?”

“आपल्या आराखड्यात काय लिहिलंय? दुखापतीची नोंद कोण देणार? प्रशिक्षक. प्रशिक्षकानं दिली नाही, म्हणजे आपल्या व्याख्येप्रमाणे दुखापत झाली नाही.”

“शाहीनचा गुडघा तुटलाय सर.”

“वाईट वाटतं ऐकून. पण एक मुलगी म्हणजे एक किस्सा. अभ्यास नव्हे.”

“सोळा आहेत सर. आणि व्यायाम न करणाऱ्या चार शाळांनी खरे आकडे दिले, कारण त्यांना कुणी भीती घातली नव्हती. मग आपण तुलना कशाची करतोय? खरं बोलणाऱ्या शाळांची आणि घाबरलेल्या शाळांची?”

“भीती कुणी घातली?”

“तुम्ही. बूट काढून घेऊ म्हणालात.”

ते हसले. अगदी मोकळं हसले. “अग, ते भाषण होतं. मुलांना प्रोत्साहन द्यायला बोलतो माणूस.” मग वही बंद करून त्यांनी माझ्याकडे सरकवली. “ही घरी ठेव. माहितीच्या तक्त्यावर शुक्रवारपर्यंत सही हवी. दिल्लीला पाठवायचंय.”

“मी सही करणार नाही.”

“मग दुसरा मार्गदर्शक शोध. बघ कोण मिळतो ते.”

त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. मला ओरडणारा माणूस परवडला असता. या माणसाला त्या गुडघ्यात काही दिसतच नव्हतं, आणि माणसांना जपायचं कसं हे तो आम्हाला दोन वर्षं शिकवत होता.

त्याच दिवशी मी कॉलेजच्या नीती समितीकडे अर्ज दिला. संशोधनात कुणाला अपाय होऊ नये हे बघायला ती समिती असते. पालकांच्या सह्या घेऊन डॉ. पट्टणशेट्टींकडून पाच कार्डांच्या प्रती आणल्या. त्यांनी प्रत्येक प्रतीवर स्वतःच्या हातानं लिहून दिलं, ‘दुखापत फुटबॉल खेळताना’. त्या गुरुवारी मुली शाहीनशिवाय खेळल्या आणि हरल्या.

तीन आठवड्यांनी समितीनं बोलावलं. लांब टेबल, पाच सदस्य, एका बाजूला डॉ. सरनोबत. त्यांनी समितीला सांगितलं की विद्यार्थिनी हुशार आहे, पण मुलींमध्ये भावनिकदृष्ट्या गुंतली आहे. वहीतल्या नोंदी एकट्या तिच्या आहेत, पडताळलेल्या नाहीत. प्रशिक्षकाच्या सहीचे चौदा फॉर्म मात्र समोर आहेत. ते फॉर्म त्यांनी टेबलावर ओळीनं मांडले.

अध्यक्षांनी मला विचारलं, “या सह्या खोट्या आहेत असं तुमचं म्हणणं आहे?”

“सह्या खऱ्या आहेत,” मी म्हणाले. “आकडे खोटे आहेत.”

“पुरावा?”

तेवढ्यात शिपायानं येऊन सांगितलं की बाहेर गडहिंग्लजचे कुणी शिक्षक आलेत. मी त्यांना बोलावलं नव्हतं. त्या दिवशी मी मैदानावर जे बोलले होते त्यानंतर बोलवायला तोंडच नव्हतं.

रेडेकर सर आत आले. टोपी हातात धरली होती. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“हे शून्य मी लिहिलं,” ते म्हणाले. “चौदाही. सगळी खोटी आहेत. हे मी लिहून आणलंय, खाली सही केलीय.” त्यांनी कागद अध्यक्षांसमोर ठेवला.

“याचा तुमच्या नोकरीवर परिणाम होईल, कल्पना आहे ना?” अध्यक्षांनी विचारलं.

“आहे.”

“का लिहिलंत खोटं?”

“पोरींच्या पायात पहिल्यांदा बूट आले होते साहेब. मला वाटलं, बूट राहू देत, बाकीचं मी बघून घेईन. बघता आलं नाही.” मग ते डॉ. सरनोबतांकडे वळले. “तुम्ही मोठी माणसं. तुम्ही बोलून गाडीत बसून जाता. आम्हाला ते शब्द पाळायला लागतात.”

डॉ. सरनोबत खिडकीबाहेर बघत राहिले.

निकाल महिनाभरात लागला. अभ्यास रद्द झाला, माझ्या सहीविना पाठवलेला दिल्लीचा निबंध मागे घेतला गेला. शाहीनच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया कॉलेजच्या रुग्णालयानं करावी असं समितीनं लिहिलं आणि ती झाली. पण सहा आठवडे तसंच खेळल्यानं आतली गादीही फाटली होती, आणि शाहीन पुन्हा कधी सामना खेळली नाही. आता ती संकेश्वरला असते, टेलरिंगचं दुकान चालवते आणि मशीनचं पायडल उजव्या पायानंच मारते. डॉ. सरनोबतांना तोंडी समज मिळाली. तीन वर्षांनी ते विभागप्रमुख झाले. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले तेव्हा सत्काराची पत्रिका मलाही आली. ‘खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी वाहिलेलं आयुष्य’ असं वर छापलं होतं. ती मी फाडली आणि तुकडे टोपलीत टाकले. माझं एक वर्ष गेलं, दुसरा विषय घ्यावा लागला.

आणि रेडेकर सरांवर खात्यामार्फत कारवाई झाली. खोटी कागदपत्रं दिल्याबद्दल त्यांची वेतनवाढ रोखली गेली, शेरा कायमचा चिकटला. या सगळ्या प्रकरणात ज्या एका माणसानं उभं राहून खरं सांगितलं, नेमकी त्यालाच शिक्षा झाली.

ते कळलं तेव्हा मी त्यांना भेटायला गेले. संध्याकाळचे पाच वाजले होते, सराव नुकताच संपला होता. मैदानाच्या कडेला बाकावर ते बसले होते. समोर मुलींची रांग होती.

“सर, मी त्या दिवशी तुम्हाला फार बोलले,” मी म्हणाले. “माझं चुकलं.”

“अर्धंच चुकलं,” ते म्हणाले. “अर्धं खरं होतं. बसा.”

मी बाकावर बसले. “ही रांग कसली?”

“रोजची. घरी जायच्या आधी एकेकीनं येऊन सांगायचं. मला उशीर होतो, पण होऊ दे.” त्यांनी मांडीवर एक साधी शाळेची वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या मुलीकडे पाहिलं. दहा-अकरा वर्षांची होती, संघात नवीन आलेली. ती आधी माझ्याकडे बघून घुटमळली.

“बोल,” सर म्हणाले. “त्या आपल्यातल्याच आहेत.”

“सर,” ती म्हणाली, “मला दुखतंय.”